केळकर सरांचा सर्व्हर

शनिवारी सदाशिव पेठेतल्या आमच्या क्लासच्या ऑफिसात केळकर सरांचा निरोप समारंभ होता... आणि नेमकी त्याच सकाळी लाईट गेली.

सर क्लासचा सर्व्हर सांभाळायचे. मुलांच्या ऑनलाइन परीक्षा त्याच्यावरच चालतात. म्हणून मी सुचवलं होतं की समारंभात मोठ्या स्क्रीनवर त्याचा अपटाइम दाखवू... म्हणजे तो न थांबता किती काळ चालू आहे, तो आकडा. सरांना त्याचा कोण अभिमान!

पण यूपीएसनेही दगा दिला. लाईट आल्यावर मशीन सुरू केलं, तर आकडा पुन्हा शून्यापासून. मला रडूच यायचं बाकी होतं.

सर मात्र शांत. "अगं, लॉग बघ की. मशीन आधी कधी सुरू झालं होतं ते बघ, आणि लाईट जायच्या आधीची शेवटची नोंद बघ. मधला काळ तोच तुझा अपटाइम."

सापडला! तीन वर्षांहून जास्त... दुपारी स्क्रीनवर तो आकडा आणि मशीन सुरू झाल्याची तारीख झळकली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

सर तारखेकडे बघत राहिले आणि त्यांचं हसू मावळलं. "हा दिवस म्हणजे..."

"माझ्या ऑपरेशनचा," शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "मला विचारलं असतंत तर मीच सांगितली असती. त्यासाठी लॉग कशाला उघडायचा?"

त्या दिवशी ऐन परीक्षेत सर्व्हर बंद पडला होता. ऑफिसातून फोन गेला आणि सर हॉस्पिटलमधून थेट इथे आले. काकू ऑपरेशनला एकट्याच गेल्या... आमच्यापैकी बहुतेकांना हे ठाऊकच नव्हतं.

"तूच म्हणालीस ना, जा म्हणून..." सर हळूच म्हणाले.

"म्हणाले. पण तुम्ही थांबाल असं वाटलं होतं."

काकूंच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. मी घाईघाईने स्क्रीन बंद केली. सरांनी भाषण केलं नाही... काकूंचा हात हातात घेऊन नुसते बसून राहिले.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. ती परीक्षा दुसऱ्या दिवशीही घेता आली असती...