मुंग्यांमधलं स्टेशन

...तर गुरुपादप्पा टीव्हीच्या पेटीला कान लावून उभा, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. काल जेवणाची हाक आली आणि गोष्ट तिथंच राहिली. आज दोन नवी माणसं बसलेली दिसतात, तेव्हा जरा मागून घेतो.

गुरुपादप्पा आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई. गाव औशाच्या पलीकडं, किल्लारीच्या अंगाला. दवंडी त्याची, कुलपं त्याची, आणि पंचायतीला मिळालेला टीव्हीसुद्धा त्याचाच म्हणायचा. लाकडी पेटीत ठेवलेला, पेटीला दोन दारं, दारांची किल्ली अप्पाच्या करदोड्याला. दर गुरुवारी संध्याकाळी तो पेटी पंचायतीच्या ओट्यावर आणायचा आणि सारा गाव ‘ऊंची चौकी’ बघायला गोळा व्हायचा. बायका पुढं, आम्ही गडी मागं, पोरं मारुतीच्या पारावर. लढाईची मालिका. बर्फाच्या डोंगरावर एक चौकी, तिच्यावर मूठभर जवान, आणि त्यातला आमचा लाडका हरनाम.

मालिका हिंदीत. बायकांना हिंदी कळायची नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही निम्मी डोक्यावरून जायची. पण अप्पानं तरुणपणी हैदराबादला हॉटेलात कपबशा धुतलेल्या, त्यामुळं त्याला फर्डी यायची. तो पेटीशेजारी उभा राहून सगळं मराठीत सांगायचा. सांगताना पदरचं घालायचा. साहेब स्वयंपाक्यावर खेकसला की अप्पा म्हणायचा, "साहेब म्हणायलाय, तू आमच्या रेवणसिद्धासारखा हाईस, काम निघालं की तुझं पोट दुखतं."

मागून रेवणसिद्ध विचारायचा, "अप्पा, माझं नाव इतक्या वर पोचलं का?"

"वारा तिकडचाच हाय," अप्पा म्हणायचा, आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

अशी ती मालिका आम्ही डोळ्यांनी कमी आणि अप्पाच्या तोंडून जास्त पाहिली. आमच्या गावात हरनाम मराठीच बोलायचा, आणि तेही आमच्याकडचं.

शेवटच्या भागाच्या दिवशी वावटळ सुटली. अँटिना फिरला आणि चित्र गेलं. पडद्यावर काळ्यापांढऱ्या मुंग्या, आवाज तेवढा खरखरत येत होता. तो ऐकू यायला पेटीला कान लावावा लागे, आणि तिथं कान एकट्या अप्पाचा. हरनाम बर्फाच्या कड्याखाली गाडला गेला होता, इथवर मागच्या गुरुवारी कळलेलं. पुढच्या ओळीत गुणाबाई बसली होती. तिचा नवरा त्याच साली विहीर खणताना दरड कोसळून गेलेला. मांडीवर तिनं नारळ धरला होता. हरनाम निघाला तर मारुतीला फोडायचा म्हणून.

"अप्पा, निघाला का त्यो?" तिनं विचारलं.

अप्पा कान लावून उभा राहिला. बराच वेळ. मग तोंड आमच्याकडं न वळवता म्हणाला, "निघाला. जित्ता हाय."

काय सांगू तुम्हाला. लोकांनी टोप्या उडवल्या. अप्पा सांगत राहिला आणि आम्ही मुंग्यांकडं बघत राहिलो. हरनामला झोळीत घालून खाली आणला. दवाखान्यात त्यानं डोळे उघडले. मग तो आगगाडीत बसला, आणि स्टेशनावर त्याची आई उभी. आंब्याच्या झाडाखाली. तिनं फडक्यात ज्वारीची भाकरी बांधून आणलेली. पोराला मिठी मारायच्या आधी तिनं त्याच्या टोपीवरची धूळ झटकली. हे ऐकताना गावातलं एकही माणूस कोरड्या डोळ्यांचं नव्हतं. गुणाबाईनं तिथल्या तिथं पायरीवर नारळ फोडला आणि पहिला तुकडा अप्पाच्या हातावर ठेवला.

पुढं भूकंप झाला. त्याचं मी जास्त सांगणार नाही, तुम्ही दुसऱ्यांकडून पुष्कळ ऐकलंय. आमचं गाव दगडमातीच्या भिंतींचं. पहाटे एका दणक्यात भिंती वरच्या जड माळवदासकट खाली आल्या. गुणाबाई नातीला घेऊन अंगणात लिंबाखाली झोपली होती, म्हणून त्या दोघी राहिल्या. तिचा श्रीमंत नावाचा मुलगा आणि सून आत होते. सून पहिल्याच दिवशी हाताला लागली. श्रीमंत लागेना. आणि वरून पाऊस. फौजेचे जवान आले होते, ते एकेक घर उपसत होते. गुणाबाईच्या घरापाशी त्यांच्यातला मोठा हुद्देदार थांबला आणि अप्पाला हिंदीत म्हणाला, आता आत कुणी जिवंत असण्याची आशा नाही, माईला आणि लेकराला शेडकडं न्या, आम्ही नंतर काढू.

"काय म्हणतोय त्यो?" गुणाबाईनं विचारलं. अप्पा काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "त्यास्नी सांगा अप्पा, त्यो बर्फातला निघालता की. इतक्या दिसानं निघालता. माझा बी निघंल. मी हितनं हलत न्हाई."

हुद्देदारानं विचारलं, काय म्हणते माई? अप्पानं ते जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. बर्फातला म्हणजे कोण, हे सांगताना ‘ऊंची चौकी’चं नाव निघालं, तसा त्या हुद्देदारानं अप्पाकडं बघितलं. नुसतं बघितलं. मग फावडं उचललं. मी शेजारीच टोपलं घेऊन उभा होतो. मला वाटलं, आपल्या मालिकेनं फौजेलाही हुरूप आला. छाती भरून आली होती माझी.

गुणाबाई पावसात बसून राहिली आणि नात उज्वला तिच्या पदराखाली. कुणी शेडकडं चला म्हटलं की ती हरनामचं नाव घ्यायची. श्रीमंत सापडला तो सगळ्यांच्या शेवटी, आणि त्याच्याकडं बघवत नव्हतं. पोरीला तोवर ताप भरलेला. ताप उतरला, पण कान वाहू लागला. आज तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. हाक मारली की मान उजवीकडनं फिरवते, पाखरू बघतं तशी.

मग आम्ही सगळे विखुरलो. बरेच जण लातूरला आले. तिथं क्लासेसचा जोर सुरू झालेला. नांदेडची, कंधारची, हदगावची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येऊन राहायची. गुणाबाईनं त्यांच्यासाठी खानावळ काढली. हातचं वरण असं की सुट्टीत घरी गेलेली पोरं दोन दिवस आधी परत यायची. आणि गुरुपादप्पा? तो तिचे डबे पोचवू लागला. सायकलीला दोन्हीकडं डबे लटकवून क्लासच्या गल्ल्यांतून फिरायचा. उज्वला मोठी झाली, तीही क्लासला जाऊ लागली. तिला पहिल्या बाकावर उजवा कान सरांकडं येईल अशीच जागा मिळाली पाहिजे म्हणून हा माणूस रोज सकाळी क्लास उघडायच्या आधी दारात उभा राहून तिच्यासाठी जागा धरायचा. आम्ही चिडवायचो, "अप्पा, तुला बी डॉक्टर व्हायचंय का?" तो हसायचा नाही. पंचायतीच्या ओट्यावर गाव हसवणारा माणूस इतका गप्प का झाला, हे आम्ही भूकंपाच्या खात्यावर टाकून मोकळे झालो होतो. गप्प झालेली माणसं तेव्हा पुष्कळ होती.

रविवारी संध्याकाळी खानावळीला सुट्टी. तेव्हा आमच्या गावची मंडळी गुणाबाईच्या जेवणाच्या खोलीत जमायची, चहा व्हायचा, आणि विषय फिरून ‘ऊंची चौकी’वर यायचा. कोण साहेबाची नक्कल करी, कोण तोफेचा आवाज काढी. शेवटी स्टेशन यायचंच. रेवणसिद्ध म्हणायचा, आईचं लुगडं हिरवं होतं. मी म्हणायचो, लाल. टीव्ही काळापांढरा होता, हे दोघांच्याही लक्षात यायचं नाही.

अशाच एका रविवारी हदगावचा यज्ञेश म्हणून एक पोरगा कोपऱ्यात बसला होता. तो मधेच म्हणाला, "आजोबा, माझे बाबापण ही मालिका सांगतात. पण ते म्हणतात हरनाम शेवटी मरतो."

"तुझ्या बाबाचा टीव्ही बिघडला असंल," रेवणसिद्ध म्हणाला.

"स्टेशन बिशन काही नाही म्हणे त्यात. आणि पंजाबातली आई ज्वारीची भाकरी कुठून आणणार?"

"का? पंजाबात ज्वारी खात न्हाईत?" मी विचारलं. "आम्ही डोळ्यांनी बघितलंय बाबा. आंब्याचं झाड आत्ता डोळ्यापुढं हाय माझ्या."

सगळी खोली त्या पोरावर तुटून पडली. पोरगा मात्र चिवट. म्हणाला, "भांडता कशाला? जुन्या मालिका परत दाखवायला लागलेत. पुढच्या रविवारी शेवटचा भाग आहे. बघून घेऊ."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुणाबाई म्हणाली, हितंच बघू, मी मुरमुरे भिजवून सुशीला करते सगळ्यांना. अप्पा उठला आणि सायकल घेऊन निघून गेला. डबे नसताना.

मंगळवारी दुपारी तो माझ्या मुलाच्या घरी आला. बसला नाही. म्हणाला, "यज्ञेश बरोबर हाय."

"कशात?"

"हरनाम मेला. त्या दिशी मला नीट ऐकू आलतं. साहेब रडत हुता. म्या फिरून बघितलं तर गुणाबाई नारळ घेऊन बसलेली. माझ्या तोंडातनं निघालं जित्ता हाय. मग मागं फिरता येईना. फुडं सांगत गेलो. स्टेशन आपलं लातूरचंच घातलं. भाकरी बी तवाच सुचली."

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? राग नाही, दुःख नाही. मला वाटलं, मग मी काय पाहिलं? लाल लुगडं मी कुठं पाहिलं?

"एवढंच असतं तर देवानं बी माफ केलं असतं," अप्पा म्हणाला. "पण तिनं फौजेला सांगितलं तवा म्या गप बसलो. उलट हिंदीत नेऊन सांगितलं. तवा खरं बोललो असतो तर ती लेकराला घिऊन उठली असती. रोज सकाळी पोरगी मान फिरवती, अन् मला दिसतं."

आम्ही दोघं गेलो. गुणाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. अप्पानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जुनी सवय, सांगताना तो भिंतीला कान लावल्यासारखा आमच्याकडं पाठ करून उभा होता. गुणाबाईचे हात थांबले नाहीत.

"स्टेशन बी न्हवतं?" तिनं विचारलं.

"न्हवतं."

"तिनं टोपी झटकली ते?"

"ते बी मीच."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. ती तिनं उलटली, मग काढून बाजूला ठेवली. "पावसात लेकराला घिऊन बसले म्या," ती म्हणाली. "तुमच्या सांगण्यावर."

"हाव," अप्पा म्हणाला.

"उज्वलाला सांगितलं का?"

"न्हाई."

तिनं परातीतलं पीठ हातानं गोळा केलं. मला वाटलं, आता ही म्हणणार की उद्यापासून डब्याला येऊ नका. तसं म्हणाली असती तर अप्पाला सोपं गेलं असतं, असं मला आजही वाटतं.

"रविवारी या," ती म्हणाली. "मला हिंदी आज बी येत न्हाई. तवा तुमीच सांगितलं, आता बी तुमीच सांगायचं. सगळ्यांम्होरं. टीव्हीजवळ उभं ऱ्हाऊन."

अप्पा रविवारी येईल की नाही याची मला खात्री नव्हती. पण आला. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, पंचायतीत साहेब लोक यायचे तेव्हा घालायचा तशी. खोली गच्च भरलेली. रेवणसिद्ध सगळ्यांत पुढं, यज्ञेशशी पैज लावून. उज्वला आजीच्या शेजारी, उजवा कान टीव्हीकडं. अप्पा टीव्हीच्या बाजूला जाऊन उभा राहिला तसे लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "आता गरज न्हाई अप्पा, आता समद्यास्नी हिंदी येती."

"मला येत न्हाई," गुणाबाई म्हणाली.

मालिका सुरू झाली. चित्र लख्ख, एक मुंगी नाही. अप्पा सांगू लागला. आवाज बारीक, पण शब्द न् शब्द. पदरचं काही नाही. साहेब खेकसला तेव्हा खेकसला एवढंच सांगितलं, रेवणसिद्धाचं नाव घेतलं नाही. आम्हाला ते चुकल्यासारखं झालं. बर्फ उपसणारे जवान दिसले. फावडी दिसली. उज्वलानं आजीचा हात धरला होता. एक जवान ओरडला, सगळे त्याच्याकडं धावले, आणि साहेबानं डोक्यावरची टोपी काढली.

हिंदी येत नसलेल्यालाही ते कळलं असतं. रेवणसिद्धानं मागं वळून माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. अप्पाचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

गुणाबाईनं विचारलं, तसंच, ओट्यावर विचारलं होतं तसंच, "अप्पा, निघाला का त्यो?"

अप्पा तिच्याकडं तोंड करून उभा राहिला. मग थोडा सरकून उज्वलाच्या उजव्या बाजूला आला, आणि म्हणाला,

"निघाला, गुणाबाई. पण जित्ता न्हाई निघाला. तवा बी जित्ता निघाला न्हवता."