जिनिव्हाचे गुरुजी

गुरुजी माणसांना वर्णमालेप्रमाणे बसवायचे. नव्वद सालानंतर आमच्या गावात, सणसरच्या पलीकडं, पिण्याच्या पाण्याची समिती निघाली आणि रिकामे होते म्हणून हे निवृत्त मास्तर अध्यक्ष झाले. सभा शाळेच्या व्हरांड्यात. आमच्या होलेवस्तीची सभासद मी, म्हणून माझी जागा शेवटी, चपलांच्या ढिगाशेजारी. मी कुरकुरले, तर म्हणाले, "जिनिव्हालाही देश असेच अक्षरांप्रमाणे बसत."

पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हाला राष्ट्रसंघाची, म्हणजे देशादेशांची, सभा भरायची. आयुष्यात तेवढं एकच त्यांनी नीट वाचलं होतं. मी चौथी शिकलेली, मला ऐकवायला त्यांना फार आवडायचं. दर सप्टेंबरात सभा. देशाचे प्रतिनिधी तीन, मत एकच, देश केवढाही असो. तेच त्यांनी गावात आणलं. वस्तीला एक मत. आमच्या बारा घरांना गावठाणाएवढा मान मिळाला, तेवढं त्यांचं खरं.

बाकी सगळा पोकळ कारभार. तिथं ठराव व्हायचा तर सगळ्यांचं एकमत लागे, समिती नेमायला मात्र बहुमत पुरे. म्हणून आमच्याकडंही उपसमित्या भराभर निघाल्या. विहीर उपसमिती, पाईप उपसमिती. नळ एकही नाही.

आमच्या वस्तीचा पाईप गावठाणाचे सभासद तात्या यांच्या बांधावरून येणार होता आणि तात्या दर सभेत "न्हाय" म्हणत. माझी सून पोटुशी, विहीर अर्ध्या कोसावर. मी म्हटलं, "गुरुजी, तात्यांच्या घरी जाऊन समजवा की."

"अध्यक्षानं तटस्थ राहावं."

तात्यांचं घर शाळेपासून हाकेवर. दोन वर्षांत हा माणूस तिथवर चालला नाही. त्यांना सभा हवी होती, पाणी कुणाला हवं होतं?

एकदा गुरुजी सहज बोलून गेले की जिनिव्हाला जो मत देत नसे त्याला गैरहजर धरत.

"म्हंजे कुणी गप बसला तर एकमत मोडत न्हाय?"

"नाही मोडत. का?"

का म्हणे! इतकी वर्षं नियम पाठ, आणि त्याचा उपयोग ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या गोठ्यात.

"आक्का, चारचौघांत न्हाय म्हटलंय. आता व्हय म्हटलं तर लोक हसत्याल."

"मग व्हय म्हणू नका. न्हाय बी म्हणू नका. नुस्तं गप बसा."

"आन् माझा बांध?"

"आमची माणसं चर बुजवून देत्याल. व्हता तसा."

तात्यांनी वैरण टाकली. "गप बसाया मला कुठं पैसं पडत्यात?"

सभेत तात्या छताकडं बघत बसले. गुरुजींनी तीनदा विचारलं. मग "ठराव एकमतानं मंजूर" म्हणाले, आणि लगेच पाऊण तास भाषण, की जिनिव्हाची पद्धत अखेर फळाला आली. माझं नाव नाही, तात्यांचं नाही. सून बाळंत झाली तेव्हा वस्तीवर नळ होता.

पुढं तीन वर्षांनी गुरुजी गेले. समितीनं दुखवट्याचा ठराव मांडला आणि एकेक वस्तीला मत विचारलं. सगळ्यांत शेवटी माझी पाळी आली. मी गप बसले असते तरी ठराव एकमतानंच मंजूर झाला असता.

मी हात वर केला.