फाटा किती लांब?

सर्व्हेच्या फॉर्मवर शेवटी 'शेरा' नावाचा बारीक रकाना असतो. दुष्काळाच्या त्या वर्षी माझा तोच रकाना आधी भरायचा आणि किलोमीटरचा रिकामा राहायचा! किस्से असे साठत गेले.

काम साधं होतं. शिरूर कासारकडच्या आमच्या सहकारी दूध संस्थेला तीन गावांतली संकलन केंद्रं बंद करून एकच चिलिंग सेंटर बांधायचं होतं. चेअरमनना ते हायवेच्या फाट्यावर हवं होतं. त्यानं सभासदांची रोजची ये-जा किती किलोमीटरनं वाढेल, ते मी मोजायचं.

पहिला फॉर्म कौसाबाईंचा. एक म्हैस, गाडी नाही, नवरा ऊसतोडीला गेलेला.

"फाट्यावर पायी दूध न्यायचं, तर पोचेपातुर नासंल. म्हैस इकावी लागंल," त्या म्हणाल्या.

*

एका आजोबांना विचारलं, "फाटा किती लांब?"

"पाच बिड्या."

"किलोमीटरमध्ये सांगा ना!"

"बिडी सोडली बाई मी. तवापासून लई लांब वाटतंय."

*

संस्थेच्या जीपचा मीटर बंद. म्हणून ड्रायव्हर शकीलमामांनी सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधून दिली. चिंधी वर आली की एक फेरा. अर्ध्या वाटेत एक बाई आडव्या आल्या, "कुणाची गं तू?" आकडा विसरले! परत पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी त्याच बाई लांबूनच ओरडल्या, "जा जा, आज काय बी इचारत न्हाई!"

परत विसरले.

तिसऱ्या खेपेला गाव ते फाटा अकरा किलोमीटर भरलं.

*

ओळीनं कुलपं लागलेल्या आळीत शेजारणीला विचारलं, "यांचं घर फाट्यापासून किती लांब पडेल?"

"ती सगळी तोडीला कर्नाटकात हायती. तिथून मोजू का हितून?"

*

चेअरमनना माझं मोजणंच पटेना. "गाड्या मोजा. एवढा रुंद हायवे, कधी जाम होतो का?"

"साहेब, जाम नाही, माणसं किती लांबून येणार ते मोजायचंय."

"मग माणसांनी कावून ऱ्हावं एवढ्या लांब?"

*

ठरावाची सभा त्यांनी फाट्यावरच, नव्या जागेवर ठेवली. त्यांच्यासोबत जीपमधून आलेले चार संचालक आणि सेक्रेटरी एवढेच हजर. कोरम नाही, म्हणून सभा अर्धा तास तहकूब. त्यानंतर कोरम लागत नाही. आहेत तेवढ्यांत ठराव मंजूर करता येतो! हे सगळं नियमानंच करतात, आणि माझं डोकं तिथंच फिरतं.

अर्धा तास संपता संपता कौसाबाई आल्या. एकट्या, चालत. लिंबाखाली टेकल्या.

चेअरमन म्हणाले, "हं, घ्या ठराव लिहून."

सेक्रेटरीनं पिशवी उलटी केली. ठरावाचं रजिस्टर गावातच राहिलं होतं.

"शकील, जा, पळत घेऊन ये."

"साहेब, रस्ता तुमाला ठाव हाय. जाऊन येऊन तास लागंल."

"तास? एका रजिस्टरापायी एवढ्या लांब कोण जातंय बे!"

कौसाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं वळल्या.

"लिव्ह पोरी. चेअरमन काय म्हनले, त्ये लिव्ह."