कोर्टाबाहेर बसवलेली मुलगी

आमच्या आश्रमशाळेत व्हॉलीबॉल आणला तो मीच. त्याआधी मुलींना कबड्डी आणि खो-खो एवढंच ठाऊक होतं. दोन बांबूंना दोर बांधला, चुन्यानं रेषा आखल्या. पण मुली भलत्याच मायाळू! समोरचीला अलगद घेता येईल असाच चेंडू टाकायच्या. जोरात मारलं तर तिच्या हाताले लागते म्हणे. मी कपाळावर हात मारून घ्यायची.

मारायची ती एकटीच. आठवीतली, काटकुळी, भामरागडच्या जंगलातल्या एका लहानशा गावची. उडी घेऊन तिनं हाणलेला चेंडू पाहिला आणि मी हरखूनच गेले. पण पळायला सांगितलं की ती मध्येच बसायची.

"पाय दुखून राह्यले, मॅडम."

माझा स्वभाव तापट. "नाटकं पुरे," म्हणत एका दुपारी मी तिला मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावल्या. तिनं त्या मारल्या.

संध्याकाळी ती हातपाय आखडून विव्हळत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हिचं सिकलसेलचं कार्ड कुठाय? ते तिच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी सापडलं. रक्ताचा हा आजार आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र तिच्याकडे बघून तो सुचला नाही, कामचुकारपणा सुचला.

"लपवलंस का गं?"

"दाखोलं असतं त तुमी खेळू देल्लं नसतं."

मला रडू आवरेना.

डॉक्टर म्हणाले, बरी झाली की खेळू द्या. पाणी भरपूर, मध्ये विश्रांती, दमवू मात्र नका. मी मान डोलावली आणि ती परतल्यावर तिला गुण लिहायला बसवलं. रोज ती पाण्याची बाटली भरून यायची, रेषेजवळ उभी राहायची. रोज मी म्हणायची, उद्या. आज ऊन आहे, आज गार वारा सुटलाय. मला कारणांची कमी नव्हती.

दिवाळीच्या सुटीनंतर ती आलीच नाही. मी तिच्या गावी गेले. ती अंगणात धान पाखडत होती.

"चल," मी म्हणाले. "सोमवारपासून खेळवते तुला. शप्पथ."

तिनं सूप खाली ठेवलं, आत जाऊन मला पाणी आणून दिलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"नाई येत, मॅडम," ती हळूच म्हणाली. "मी खेळाले उतरली का तुमाले लय भेव लागते."