‘आशू’ लिहिलेली फ्लॉपी

ह्या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसतीच वाचत आलेय. आपल्यावर लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं, कारण खरं सांगते, तुमच्यातल्या निम्म्या अनुभवांना मी मनातल्या मनात हसलेय. मी अंगणवाडी सेविका आहे. गावात कुणाच्या अंगात आलं की मी आधी थर्मामीटर काढते. बाळाची दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन बसलेल्या आयांवर ओरडून ओआरएस पाजायला लावणारी बाई मी... त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर राग धरणार नाही.

गावांची नावं खरी आहेत, माणसांची बदललीत.

माझं माहेर दिंद्रुड, सासर सिरसाळा. मी ह्यांची दुसरी बायको. पहिली सुनंदा, लातूरकडची. तिची मुलगी आशू वर्षाची व्हायच्या आत सुनंदा कावीळ होऊन गेली. आमचं सरकी-पेंडीचं दुकान आहे. दुकानाच्या वरच्या खोलीत सुनंदानं गावातला पहिला कॉम्प्युटर क्लास काढला होता. आजही लग्नाकार्यात कुणीतरी चाळिशीतला माणूस भेटतो आणि मला ऐकवतो, "सुनंदावहिनीकडं शिकलो म्हणून नोकरी लागली बघा." मी हसून म्हणते, हो का... आणि आत काहीतरी करपतं.

जिवंत सवत असती तर चार भांडी आपटली असती, मोकळी झाले असते. मेलेलीशी कसं भांडणार? तिची भाजी कधी खारट होत नाही, तिचे गुडघे दुखत नाहीत. भिंतीवरच्या फोटोत ती कायम तरुण, आणि खाली केर काढताना मी — दर वर्षी थोडी जाड, चष्म्याचा नंबर थोडा जास्त.

एक गोष्ट मात्र फक्त माझी होती. आशू.

मी लग्न करून आले तेव्हा ती दोन-अडीच वर्षांची होती. माझ्याकडे यायची नाही, माझ्या हातचं खायची नाही. घास पुढे केला की तोंड फिरवायची. माझे वडील शेळ्या-मेंढ्या राखायचे. दुसरं काय देणार, त्यांनी लग्नात मला एक शेळी दिली होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून मी तिचं नाव टिकली ठेवलं. सिरसाळ्यात टेम्पोतून उतरवताना ती धडपडली आणि तिचं एक शिंग मोडलं. तर ही पोरगी माझ्याकडे बघायची नाही, पण टिकलीकडे टक लावून बघायची. मग मी टिकलीला दाराशी बांधायची आणि घास हातात घेऊन म्हणायची...

टिकली आली दिंद्रुडहून,
एक शिंग आली मोडून,
माझी आशू जेवंना कावून?
टिकली बघती दारातून!

चाल पण माझीच, जात्यावरच्या ओवीसारखी लांबवलेली. ‘कावून’वर आशूच्या नाकाला बोट लावायचं, की ती हसायची आणि तेवढ्यात घास आत. असं करत ती माझी झाली. अंगणवाडीत मी शंभर गाणी म्हणते, पण हे गाणं कधी दुसऱ्या मुलासाठी म्हटलं नाही. म्हणावंसं वाटलंच नाही.

आता ह्या वर्षीची गोष्ट. आशूचं लग्न ठरलं, मुलगा युसूफ वडगाव ह्या गावचा. रंगरंगोटीसाठी दुकानावरची खोली रिकामी करायला घेतली, तर माळ्यावर एक प्लॅस्टिकचा डबा निघाला. आत फ्लॉप्या. नवीन मुलांना ठाऊक नसेल — चौकोनी, पत्त्याएवढ्या, जुन्या कॉम्प्युटरला लागायच्या. बहुतेकांवर ‘टायपिंग’, ‘धडा’ असं काहीबाही लिहिलेलं. एकीवर नुसतं ‘आशू’. अक्षर सुनंदाचं.

ह्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं ती फ्लॉपी पुसली. इतकी हळू, जणू काही ताप आलेल्या लेकराचं कपाळ पुसतायत. मी तिथंच उभी होते. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्या वस्तूवरून त्यांचा हात असा फिरलेला मला आठवत नाही.

आशू तर नाचायलाच लागली. "पप्पा, यात मम्मीचा आवाज असंल का?" (सुनंदाला ती मम्मी म्हणते, मला आई.)

"असंल बी," हे म्हणाले. "तिला रेकॉर्डिंगचा लई नाद होता. क्लासच्या पोरांचे आवाज धरायची."

"आई, आपण हा आवाज हळदीला लावू! मम्मीनं मला आशीर्वाद दिल्यासारखं हुईल."

मी म्हटलं, लाव की. आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे पुसत बसले.

परळीत इरफानभाईंचं जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचं दुकान आहे. फ्लॉपी चालणारं एक मशीन त्यांनी अजून ठेवलंय. आम्ही तिघं दुपारी गेलो. त्यांनी फ्लॉपीची पत्र्याची पट्टी सरकवून आतली चकती उजेडात धरली, तर चकतीवर पांढरे ठिपके.

"बुरशी हाय, भाभी. अशीच घातली तर चकती पण जाईल अन् माझं मशीन पण. साफ करून बघतो. पण गॅरंटी काय देत न्हाई."

त्यांनी प्लॅस्टिकचं कव्हर उकललं, आतली पातळ काळी चकती काढली, कापसाला स्पिरिट लावून पुसली, सुकवली आणि दुसऱ्या कोऱ्या फ्लॉपीच्या कव्हरात बसवली. मग मशीनमध्ये घातली. कर्र... कर्र... टक. पुन्हा कर्र. स्क्रीनवर एरर आला. आशूचं तोंड पडलं.

आणि मी? मी मनात म्हटलं, बरं झालं. देवाच्या शपथेवर सांगते, मी मनात वैजनाथाला हात जोडले की हे बंदच राहू दे. पोरगी माझी, तिच्या पायाला लागलं तर डोळ्यांत पाणी माझ्या यायचं. आता निघताना तिच्या मांडवात आवाज कुणाचा, तर हिचा?

इरफानभाईंनी चकती परत काढली, परत पुसली, परत लावली. तिसऱ्यांदा का चौथ्यांदा मशीन न अडखळता फिरलं. एकच फाइल होती, आवाजाची. त्यांनी ती आधी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि लावली.

आधी नुसती खरखर. पंख्याचा आवाज. बाळाचं हुंकारणं... आशूनं माझा हात घट्ट धरला. मग एका बाईचा आवाज, बारीक, थोडा नाकातला — "चालू झालं का हे?" ह्यांनी डोळे मिटले. सुनंदाच ती, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिनं घसा साफ केला आणि म्हणायला लागली.

टिकली आली दिंद्रुडहून...

मला वाटलं आपल्याला भास झाला. पण चाल तीच. ‘दिंद्रुडहून’ला मी जसा हेल काढते तसाच हेल.

एक शिंग आली मोडून...

"आई," आशू म्हणाली, "हे तर तुझं गाणं हाय."

माझी आशू जेवंना कावून?

आणि आवाज तुटला. "फ्लॉपीत एवढंच मावतं," इरफानभाई म्हणाले.

तुम्ही म्हणाल, तेव्हा अंगावर काटा आला असेल. नाही आला. काटा नंतर आला, घरी. तेव्हा आधी आला तो संताप. हिनं माझं गाणं घेतलं! नवरा आधी तिचा होता, घर तिचं, पोटची पोर तिची, गावातली इज्जत तिची. माझ्याजवळ चार ओळी होत्या, त्या पण हिच्या डब्यातून निघाव्यात?

मी ह्यांच्यावरच उलटले. "तुमी कवा ऐकवलं मला हे? तुमीच गुणगुणला असाल, अन् मी आपलं माझं म्हणून बसले!"

"मी?" ह्यांचा चेहरा पांढराफटक. "अगं, मी तुझ्याच तोंडून ऐकलंय. ही फ्लॉपी हाय हेच मला ठाऊक न्हवतं. अन् टिकली तर तू आणली... सुनंदा गेली तवा ती शेळी जन्मायची होती."

इरफानभाई बिचारे गोंधळले. त्यांना सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ते पुन्हा स्क्रीनकडे वळले. फाइलची तारीख बघितली — आमच्या लग्नाच्या आधीची. "तारखेचं काय खरं नसतं, भाभी. त्या मशीनचं घड्याळ चुकीचं असंल," ते म्हणाले. मग फ्लॉपीच्या जुन्या कव्हराकडे बघत म्हणाले, "पण आवाज तर त्यांचाच म्हणता ना?"

ह्यांनी मान डोलावली.

आशू माझ्याकडे बघत होती. तिला चौथी ओळ हवी होती, मला कळत होतं. लहानपणी मी मध्येच थांबले की ती असंच बघायची. मला ओळ येत होती. पण मी म्हटली नाही. ओठ घट्ट मिटून घेतले. ती एक तरी माझी राहू दे.

आम्ही गाडीनं घरी निघालो. सिरसाळा जवळ आल्यावर हे एकदम म्हणाले, "तिला तुझ्याबद्दल कसं कळलं असंल?" आमच्या अख्ख्या संसारात ह्यांनी आम्हा दोघींना एका वाक्यात बसवलं ते पहिल्यांदाच. मी खिडकीकडे तोंड केलं.

हळदीला आशूनं ते लावलं नाही. मी म्हटलं होतं, लाव. ती म्हणाली, "नको आई. लोक ‘आवाज कुणाचा’ विचारतील, ते मी सांगंन. ‘गाणं कुणाचं’ म्हणले, तर काय सांगू?" मग माझ्या गालाला हळद लावून ती जी गळ्यात पडून रडली... तिथल्या बायकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडतेय.

तेव्हापासून माझे सगळे विचार करून झालेत. दिंद्रुड आमच्या रस्त्यावरचंच गाव, नाव कुणालाही माहीत असतं, मान्य. टिकली नावाच्या शेळ्या जगात हजार असतील. पण मोडलेलं शिंग? आणि आशू जेवत नाही हे? ती तर आई गेल्यावर जेवायची थांबली. सुनंदा होती तोवर, सासूबाई सांगायच्या, पोर दोन्ही हातांनी खायची. गाणं जुनं, लोकांतलं असेल म्हणून माहेरी आईला विचारलं, म्हाताऱ्या आत्याला विचारलं. कुणी ऐकलेलं नाही. एका डॉक्टरबाईंनी सांगितलं, माणसाची आठवण दगा देते, गाणं तुम्ही आधी कुठंतरी ऐकलं असेल. असेल. पण ते शिंग मी रस्त्यावरून उचललं होतं, त्याला रक्त होतं, माझ्या लग्नाच्या साडीला लागलं होतं. हे मी आधी कुठं ऐकणार?

फाइल आशूच्या मोबाईलवर आहे, माझ्याही. दुपारी घरात कुणी नसलं की लावते. आता राग कमी झालाय, पण गेलेला नाही. तिचा गळा माझ्यापेक्षा गोड आहे, हे प्रत्येक वेळी नव्यानं कळतं.

तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त एक विनंती — ‘पोर सांभाळणारीसाठी तिनं ते ठेवलं होतं’ असं कुणी लिहू नका. जाऊबाईंनी, मैत्रिणींनी, सगळ्यांनी ते सांगून झालंय. मरणाऱ्या बाईनं आपल्या जागी येणारीसाठी घास भरवायचं गाणं शोधून ठेवावं, इतकी ती चांगली असेल... तर मग मी आयुष्यभर कुणावर जळत होते, आणि आता ते जळणं नेऊन ठेवू कुठं?