चार सबवूफर आणि बाबांची खुर्ची

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाजीवाल्याने न मागता मूठभर कोथिंबीर जास्त घातली, तर मी घरी येऊन आधी टोमॅटो तपासतो. बायको म्हणते, हा स्वभाव बाबांकडून आलाय. बाबा म्हणायचे, आईकडून. आई हे खोडून काढायला उरली नव्हती, त्यामुळे बाबांचं फावायचं.

आई गेली आणि ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतलं आमचं घर एकदम मुकं झालं. संध्याकाळी बाबा आणि मी बैठकीच्या खोलीत समोरासमोर बसायचो, पण बोलायला काही सुचायचं नाही. घरात बोलायचं खातं आईकडे होतं. शेवटी मी मोठा टीव्ही आणला, भिंतींवर स्पीकर लावले आणि दर रविवारी संध्याकाळी सिनेमा लावायला लागलो. बाबांनी दोन-चार जागी बसून पाहिलं आणि खिडकीजवळची हातांची लाकडी खुर्ची पसंत केली. कानात ऐकायचं यंत्र घालून ते तिथे बसत आणि पडद्यावरच्या नायकाचं कुठे चुकतंय ते मला सांगत. मला त्या संध्याकाळी फार आवडायच्या. आईशिवाय दिवस निघू शकतात, असं मला पहिल्यांदा तिथेच वाटलं.

आता थोडं सबवूफरबद्दल. सबवूफर म्हणजे फक्त खर्जाचा आवाज काढणारा डबा. ढग गडगडणं, हत्ती चालणं, इमारत कोसळणं ही सगळी कामं त्याची. आमच्याकडे एक होता, टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात. पण खर्ज खोलीत सगळीकडे सारखा पसरत नाही. तो भिंतींवरून परत येतो, स्वतःलाच आडवा जातो, आणि मग एका जागी त्याचा ढीग होतो तर दुसऱ्या जागी खड्डा पडतो. एकदा बाबा अंघोळीला गेलेले असताना मी त्यांच्या खुर्चीत बसलो आणि चाट पडलो. माझ्या सोफ्यावर अख्खी इमारत कोसळायची आणि इथे कुणी चप्पल टाकल्याइतकाही आवाज नव्हता. मला फार वाईट वाटलं. बाप खड्ड्यात आणि मुलगा ढिगावर बसून मजा मारतोय.

इंदरगंज बाजारातल्या स्पीकरच्या दुकानदाराने मान हलवली. "भाईसाब, एक से बात नहीं बनती. दो लगाओ, हर कुर्सी पे बराबर मिलेगा." मी दुसरा आणला. तो ठेवायला सोयीची जागा एकच होती, बाबांच्या झोपायच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीशी. तिथे ठेवला, तार जोडली, आणि बाबांच्या खुर्चीतही इमारत कोसळायला लागली. मी खूश.

त्याच रविवारी बाबा सिनेमा अर्धा सोडून उठले. "पाठ दुखून राहिलीय," म्हणाले आणि आपल्या खोलीत जाऊन पडले. पुढच्या रविवारीही तेच. त्यानंतर मी रोज संध्याकाळी डबे वाजवून बघत असलो तरी ते बैठकीत येईनातच. जेवायचे, कानातलं यंत्र काढून डबीत ठेवायचे आणि दार लोटून घ्यायचे.

पाठीचा बहाणा मला पटला नाही. मग मी लक्ष ठेवायला लागलो आणि जिकडे पाहावं तिकडे काहीतरी दिसायला लागलं. पुण्याला धाकटा भाऊ असतो. बाबा त्याच्याशी फोनवर बोलत असायचे आणि मी खोलीत पाऊल टाकलं की "बरं, ठेवतो" म्हणायचे. माळ्यावरची तपकिरी सुटकेस एक दिवस गच्चीवर उन्हात उघडी पडलेली दिसली. बायकोला विचारलं, तर म्हणाली, "वास येत होता म्हणून ठेवलीय. तुम्ही तर प्रत्येक गोष्टीत शक करता." त्यातच भाजीतलं मीठ कमी झालं. एखाद्या दिवशी नव्हे, रोज. लोणच्यावाचून ज्यांचा घास उतरत नाही ते बाबा लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवायला लागले. मी ताटातला अळणी दुधी चिवडत या दोघांकडे आळीपाळीने बघायचो. दोघंही माझी नजर चुकवायची.

बरं, सरळ विचारावं तर तीही सोय नाही. आमच्याकडे बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारत नाहीत. विचारलं की काम मोडतं म्हणतात. पिढ्या ग्वाल्हेरात गेल्या, निम्मी भाषा हिंदी झाली, पण हा एक नियम दक्खनेतून आणला तसाच आहे. आई होती तोवर दारात हा शब्द उच्चारायची कुणाची छाती नव्हती. "जाऊन या" एवढंच म्हणायचं. त्यामुळे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्याला कापडी पिशवी अडकवून भर दुपारी बाहेर पडायला लागले तेव्हा मी दात खाऊन "जाऊन या" म्हणत राहिलो. परत आल्यावर विचारलं तर "आलो फिरून" एवढंच उत्तर मिळायचं.

मग मी त्यांना इंदरगंजात पाहिलं. मी तिसरा सबवूफर घ्यायला गेलो होतो. माझं गणित असं होतं, की दुसऱ्या डब्याने काम अर्धवटच झालं असणार. बाबांच्या खुर्चीत अजून कुठेतरी कसर आहे, म्हणून ते रुसलेत. दुकानाच्या काचेतून बघतो तर समोर बाबा ई-रिक्षातून उतरत होते. मी झटकन खोक्यांच्या मागे वाकलो. का वाकलो ते मलाही सांगता येणार नाही. बाबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि समोरच्या इमारतीचा जिना चढून गेले. त्या इमारतीवर खालपासून वरपर्यंत वकिलांच्या पाट्या होत्या.

मला सगळं लख्ख कळलं. बाबा घर विकतायत, वाटणी करतायत आणि सुटकेस घेऊन पुण्याला चाललेत. बायको सामील आहे. भाऊ तर आधीपासूनच असणार. खरं सांगायचं तर घराचं मला तितकंसं वाटलं नाही. बाबा जाणार, आणि मला न सांगता जाणार, याने माझा जीव कालवला. आई गेल्यावर या माणसाला धरून मी उभा राहिलो होतो.

दुसरा कुणी असता तर त्या संध्याकाळी समोर बसून बोलला असता. मी तिसऱ्याबरोबर चौथाही सबवूफर घेऊन आलो. खोलीच्या चारही बाजूंना डबे झाले, बाबांच्या खुर्चीत खर्ज नुसता ओसंडायला लागला, आणि बाबांच्या खोलीचं दार बंद ते बंदच.

चार डबे झाले की ते बसवायची एक पद्धत असते. ज्या माणसाला ऐकवायचंय त्याच्या जागेवर डबा ठेवायचा, त्यात एकच खोल सूर लावून द्यायचा आणि आपण रांगत खोलीभर फिरायचं. कान जमिनीच्या जवळ ठेवायचा. जिथे सूर सगळ्यात दांडगा लागेल ती डब्याची खरी जागा. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण ते बरोबर ठरतं. एका दुपारी बाबा पिशवी घेऊन बाहेर पडल्यावर मी त्यांच्या खुर्चीवर डबा चढवला आणि गुडघ्यांवर आलो.

बायको पोछा घेऊन दारात आली. "अहो, काही हरवलं का?"

"खर्ज शोधतोय."

"सापडला की सांगा. मला फरशी पुसायचीय."

मी दिवाणाच्या खाली डोकं घातलेलं असतानाच फाटक वाजलं. बाबा लवकर परतले होते. डोकं बाहेर काढून बघतो तर ते उंबऱ्यावर उभे, एक हात चौकटीवर आणि दुसरा छातीवर. चेहरा पांढराफटक पडलेला.

"बंद कर ते," बाबा म्हणाले.

मी बंद केलं. ते तसेच उभे राहिले. छातीवरचा हात त्यांनी जरा दाबला, मग उचलला, मग परत ठेवला.

"लाव."

मी लावलं.

"बंद कर... लाव... बंद कर." प्रत्येक वेळी हात छातीवर होताच. मग त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि आपल्या खोलीत गेले. पलंग करकरला. आतून मोठ्याने हाक आली, "माझ्या भिंतीकडचा लाव आता!"

मी तो लावला. बंद करायला हात पुढे केला, पण आतून काहीच आवाज येईना. मी आणि बायको धावत खोलीत गेलो. बाबा पलंगावर उताणे पडले होते, हात छातीवर, डोळे छताकडे.

"हे तुझं आहे होय रे?" ते म्हणाले.

"काय माझं?"

"मी समजत होतो, माझं आहे."

मग सगळं बाहेर आलं. दुसरा डबा आला त्या रविवारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांच्या छातीत धडधडायला लागलं. घाबरून ते खोलीत जाऊन पडले, कानातलं यंत्र काढलं. आता ऐकू काही येईना, पण भिंतीतून, पलंगातून धडधड मात्र चालूच. मग ती हृदयाची नाही तर कुणाची? वकिलांच्या पाट्यांमध्ये हृदयाच्या डॉक्टरचीही एक पाटी होती. ती मला दिसली नाही, कारण मला वकीलच बघायचा होता. डॉक्टरने तपासून सांगितलं, ईसीजीची पट्टी एकदम साफ आहे, घरी जा.

"मी म्हटलं, तुझं मशीनच बिघडलंय," बाबा म्हणाले. "तिथं जाऊन पडलं की बंद. घरी आलं की संध्याकाळी परत सुरू. डॉक्टरवर भरोसा कसा करायचा?"

माझा संशयी स्वभाव आईवर ढकलायची बाबांची सोय त्या क्षणी संपली. पण मला हसू येत नव्हतं.

"अहो, त्यांनी मला शपथ घातली होती," मागून बायको म्हणाली. पोछा हातातच होता आणि ती रडत होती. "मीठ मीच कमी केलं."

"आणि पुणं?" मी विचारलं. "सुटकेस?"

बाबा उठून बसले. जरा वेळ त्यांनी चादरीची घडी नीट केली. "तुझी आई तुझ्या हातात गेली," ते म्हणाले. "नंतर तू भरल्या ताटावरून उठून जायचास, ते मी पाह्यलंय. म्हटलं, परत याच्याच हातात नाही मरायचं. दोघं भाऊ आहात. आई तुझ्या वाटणीला आली. मी त्याच्या वाटणीला जातो."

ज्या वाटणीच्या भीतीने मी खोक्यांमागे लपलो होतो ती ही अशी होती. मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. बाबा माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. कानात यंत्र नसल्यामुळे "अरे, काय म्हणून राहिलास, काही समजत नाही" असं अधूनमधून म्हणत होते. मी काही म्हणतच नव्हतो.

त्या दिवशी भाजीत मीठ होतं. सुटकेस मी स्वतः माळ्यावर टाकली आणि तिच्यापुढे जुनी गादी लावून ठेवली.

मग मी उलट कामाला लागलो. चार सबवूफरनी प्रत्येक खुर्चीत सारखा खर्ज नेता येतो, तसा एका खुर्चीतून तो काढूनही घेता येतो. मागचं बटण फिरवून एका डब्याची चाल उलटी केली की तो दुसऱ्याला खोडतो. फक्त कुठे खोडायचं ते जुळवावं लागतं. दुकानदाराला हे विचारलं तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. "लोग बढ़वाने आते हैं, भाईसाब." मी म्हटलं, माझ्याकडे कमी करायचाय, आणि तोही एकाच खुर्चीत. बाबांच्या भिंतीजवळचा डबा आधी हलवला. मग बाबांना खुर्चीत बसवून मी डबे इंच इंच सरकवत राहिलो.

"येतंय?"

"येतंय."

"आता?"

"थोडं थोडं."

"आता?"

त्यांनी डोळे मिटले आणि हात छातीवर बराच वेळ ठेवला. "आता येतंय ते माझं आहे," ते म्हणाले.

रविवार परत सुरू झाले. मी सोफ्यावर बसतो आणि माझ्या पायाखाली फरशी हलते. शेजारीच बाबा आपल्या खड्ड्यात निवांत बसून नायकाच्या चुका काढतात. त्यांना सिनेमे खरंच आवडतात की ते माझ्यासाठी बसतात, याचा मला अजून संशय आहे. विचारलं तर खरं सांगणार नाहीत.

परवा सकाळी ते पिशवी घेऊन निघाले. मी सवयीने "जाऊन या" म्हटलं. त्यांनी एक चप्पल घातली आणि दुसरीत पाय न घालता तसेच उभे राहिले.

"विचार," ते म्हणाले.

"निघताना विचारू नये."

"विचार म्हणतोय ना."

आईच्या घरात, आईच्या दारात तो शब्द मी शेवटी उच्चारला. "कुठे चाललात, बाबा?"

"कोपऱ्यावर. दही आणायला. आत्ता येतो."

ते गेले. मी गॅलरीत जाऊन वाकून पाहिलं. बाबा खरोखरच डेअरीकडे वळले. मग मी तिथेच उभा राहिलो, ते दही घेऊन परत येताना दिसेपर्यंत.