दोरीवरचा शर्ट

शेजारच्या मंदाताई दोरीवरचा प्रत्येक कपडा झटकूनच घरात नेतात. औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत आम्हा सगळ्याच बायकांची ही सवय. कपड्यांवर कायम राख बसायची. आता कोळशावर चालणारे वीजसंच एकेक करून बंद होताहेत. वीज म्हणे दूरच्या माळावरून, उन्हातून येणार. स्वच्छ हवा तर आम्हीच मागत होतो. पण त्याच धुराड्याच्या जिवावर चहाची टपरी चालायची, शाळा भरायची, हे तेव्हा सुचलं नाही. समोरच्या किती दारांना आता कुलूप आहे.

आज ताईंनी नवऱ्याचा कामावरचा शर्ट झटकला. काहीच उडालं नाही. त्यांनी तो पुन्हा झटकला आणि हळूच म्हणाल्या, "किती स्वच्छ आहे गं. भीतीच वाटते."

मी घरात आले आणि खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं, थोडी तरी राख लागेल म्हणून.